जाळं टाकलेल्याला वाट

तात्यांनी मित्राची शिडाची होडी मागून आणली
आणि गंगापूर धरणावर आम्हा तिघांना तोलाप्रमाणे बसवलं:
पराग, आता शंभर किलोचा, बरोब्बर मध्ये,
मी शिडाच्या दोरीपाशी,
आई पुढे, मांडीवर थालीपिठांचा डबा,
लाइफ जॅकेटवरून पदर घेतलेला.

"हा गंगावऱ्ह्याचा काठ म्हणजे सुमात्रा," तात्या म्हणाले,
"आणि ते द्राक्षांचे मांडव दिसतात ना, तो मलेशिया."
मध्ये जानेवारीचं पाणी, बशीत निवलेल्या चहासारखं.
बोट क्लबची स्पीडबोट म्हणजे तेलाचा टँकर,
पाणकोंबड्या म्हणजे कुठल्या तरी देशाचं आरमार.
थर्माकोलवर बसून फळकुटाने वल्हवणारे दोघे कोळी मात्र कोळीच.
"त्यांना जपायचं. जाळं टाकलेल्याला आपण वाट द्यायची.
शिडाच्या होडीलासुद्धा हा नियम."

लहानपणी मला वाटायचं
सामुद्रधुनी म्हणजे समुद्रातली धुनी,
सिंहस्थात तपोवनात साधू पेटवतात तशी,
आणि तात्या त्या निखाऱ्यांमधून
जहाज हळूच बाहेर काढतात.
पिंगळ्यांच्या घरी फोन यायचा, सिंगापूरहून.
आई अनवाणी धावायची.
"आता दोन रात्री फोन नाही," एवढं ऐकून परत यायची
आणि कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
दोन फुल्या मारायची.

वारा पडला.
शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबलं.
ना सुमात्रा, ना मलेशिया. डबा उघडला.
तात्या कायमचे घरी आल्याला नऊ वर्षं झाली,
आणि आईने आज विचारलं,
"त्या दोन रात्री तुम्ही करायचात काय?"

"उभा असायचो.
नुसता. ब्रिजवर.
पुढे दिव्यांची रांग, मागे दिव्यांची रांग,
मधूनच कुणीतरी आडवा जाणारा.
बसलो तर डोळा लागेल, म्हणून उभा."
तिने लोणच्याची फोड त्यांच्या थालीपिठावर ठेवली.
"मीपण," म्हणाली.

मग तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं:
परागला एकशे चार ताप, रात्रीचे दोन,
उपनगरला रिक्षा नाही.
लुनावर हा पाठीशी, जुन्या साडीने बांधलेला,
ही पुढे उभी, आरसा धरून.
द्वारकेला तेव्हा पूल कुठला,
पिंपळगावचा कांदा मुंबईकडे, पुण्याचा माल धुळ्याकडे,
नुसते दिवे, नुसते भोंगे, आणि मध्ये मी.

"कुणी वाट दिली?" तात्यांनी विचारलं,
बायकोला नव्हे,
दुसऱ्या जहाजाच्या कप्तानाला विचारावं तसं.

"एकाने. ट्रक आडवा घालून सगळी थांबवली.
तोंड दिसलं नाही. हात बाहेर काढून म्हणाला, जा."

मला त्यातला फक्त आरसा आठवतो,
आरशात माझं नाक, नाकामागे दिवे.
परागला काहीच आठवत नाही.
तो तिसरं थालीपीठ घेत होता.

"कळवलं नाहीस कधी."
"कुठे कळवणार? तुम्ही धुनीत होतात."

बराच वेळ होडीच्या बुडाशी पाणी तेवढं वाजत राहिलं.
मग ब्रह्मगिरीकडून एक सुरकुती आली, शिडाने पोट धरलं.
तात्या उठले, होडी डुगडुगली,
सुकाणूचा दांडा त्यांनी आईला दिला
आणि स्वतः पुढे जाऊन बसले,
रिकामा डबा मांडीवर घेऊन.

तिने दांडा धरला, सवयीने मूठ पिळून पाहिली.
"उलटं असतं," तात्या म्हणाले,
"डावीकडे जायचं तर उजवीकडे ढकल."
"बघितलंय मी मघापासून."

थर्माकोलवाले आडवे आले.
तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात
आईने दांडा पार लोटला,
शीड रिकामं फडफडायला लागलं, होडी थबकली,
आणि तिने हात बाहेर काढला.
"जा बाबा, जा."

"मावशी, तुम्ही या की, जाळं पलीकडंय,"
त्यातला थोरला म्हणाला.
ती हात तसाच धरून.
मग तो हसला, फळकूट मारलं, गेला.

आम्ही तिथेच, जरा वेळ.
मागे कुणीही भोंगा वाजवत नव्हतं.