डाक

बारा वर्षांनी पत्र आलं.
वर लिहिलेलं, बाळ क्रमांक दोनशे सतरा,
आणि त्याच्याखाली पेनानं सन्मतीचं नाव,
जे त्या दिवशी अजून ठेवलंही नव्हतं.

सीपीआरच्या मागच्या खोलीत निलोफर सिस्टर
अजून तीच. केस तेवढे पिकलेत.
हिनंच नाळेतलं बोटभर रक्त नळीत घेतलं होतं.
मी विचारलेलं, दुखंल का त्याला?
म्हणाली, कापल्यावर नाळ कुणाचीच नसते, ताई.

सन्मतीच्या दंडाला पोरांचा पट्टा पुरेना.
मोठ्या माणसांचा आणला.
आकडा वर गेला, आणि खाली यायचं विसरला.
पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा,
मधली पाच मिनिटं फुटबॉलच्या गप्पांत घालवून.
गोलकीपर आहे, तो म्हणाला,
पळावं लागत नाही.

कमरेला टेप. उपाशीपोटीची साखर.
काळ्या पडद्यावर त्याचं काळीज
बंद दुकानातल्या दिव्यासारखं लुकलुकत होतं,
आणि डॉक्टर त्याच्या भिंतीची जाडी मोजत होते,
मिलिमीटरमध्ये,
आमच्याकडं चांदीची तार मोजतात तशी.

हा पोटात असताना तुम्ही काय काम करत होता?

हुपरीत आणखी काय करणार.
पैंजणाच्या कड्या जोडत होते.
किलोवर मजुरी. मांडीवर पाट, हातात बत्ती,
सांध्यावर डाकाचा कण ठेवायचा,
ज्योत लावायची, तो पाण्यासारखा पळतो
आणि दोन कड्या एक होतात.
पिवळसर धूर यायचा. खिडकी बंद,
वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून.
नऊ महिने भरेपर्यंत बसले.

आणि ग्रहण पाळलं होतं, डॉक्टर.
साडेतीन तास अंधारात उताणी पडून होते,
विळीला हात नाही, सुईला नाही,
पाण्याचा घोट नाही.
बाळाला खोट राहू नये म्हणून.
ग्रहण सुटलं, अंघोळ केली,
आणि परत बत्तीपुढं बसले.
दिवाळीची ऑर्डर होती.

हसले नाहीत ते. कागदावर एक शब्द दाखवला,
तेव्हाच्या माझ्या रक्तात सापडलेला, नाळेतही थोडा:
कॅडमियम.
मला वाटलं, आशाताई द्यायची त्या गोळीचंच नाव.
ती कॅल्शियमची, म्हणाले. हे वेगळं.

मग खूप बोलले, जपून बोलले.
एका मुलावरून सांगता येत नाही.
वडापाव आहे, मोबाईल आहे, आजोबांची शुगर आहे.
हजारभर मुलं मोजल्यावर एक रेघ दिसते,
त्या रेघेवर तुमचा मुलगा नेमका कुठं,
ते कुणालाच ठाऊक नाही.
तुमची चूक नाही, हे दोनदा म्हणाले.
दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला रडू आलं.

वार म्हणजे चाळण, एवढं समजलं मला.
बरंच अडवते बिचारी.
पण तिला तरी कुठं कुणी सांगितलं होतं
काय अडवायचं ते.

परतीच्या एसटीत सन्मतीनं विचारलं,
मी दोनशे सतरावा का?
म्हटलं, तुझ्याआधी दोनशे सोळा पोरं
याच रांगेत होती.
त्यांचा गोलकीपर कोण? म्हणाला,
आणि माझ्या खांद्यावर झोपला.
घोरतो तो. आजवर मला ते गोड वाटायचं.

घरी आले तर धाकटी जाऊ, विशाखा,
चौथा महिना, पाटावर बसलेली.
खिडकी बंद. ज्योत ताठ.
पायात तिच्या नवे पैंजण,
मीच जोडलेले.

ऊठ, म्हटलं.
सासूबाई आतून म्हणाल्या, आणि तिचा किलो कोण करणार?
मी बत्ती हातात घेतली,
कोपरानं खिडकी ढकलली.

ज्योत हलायला लागली.
पहिले तीन सांधे वाया गेले.