गोकर्णाचा भात

कोता भारूच्या बाजारात, पहाटे साडेचारला,
मेक जाराह गोकर्णाची फुलं मोजत नाही.
ओंजळीनं घेते, हिरवे देठ तेवढे खुडते,
कढत पाण्यात टाकून झाकण ठेवते.

विद्यापीठातली हुस्ना येते, वही घेऊन.
सांगते, या निळ्यात अँथोसायनिन असतं.
उंदरांची साखर उतरली म्हणे, थोडी.
माणसांचं अजून नक्की नाही.

मेक जाराह हसते.
तिचा नवरा तीस वर्षं हाच भात जेवला
आणि साखरेनंच गेला.
डावा पाय आधी.

हुस्नाचं पेन थांबतं.

"फुलांना कशाला बोल लावू?
वरून गोड दुधाचा चहा,
दिवसाला सहा ग्लास. ऐकायचाच नाही."

शेजारच्या गाड्यावर बाटलीतला निळा:
दोन थेंबांत पातेलंभर भात,
अख्खं लिंबू पिळा, ढिम्म.

ती केळीच्या पानावर मूठभर वाढते,
लिंबाची फोड दाबते.
रस उतरतो तिथून भात जांभळा होत जातो,
कडेला अजून निळा, मध्ये
कुठलंच नाव नसलेला.

"हे लिही," म्हणते,
"याला सांगितलेलं कळतं."