पेशा

महापालिकेच्या खिडकीतला बाबू विचारतो,
"पेशा क्या लिखूँ? फौजी कि मास्टर?"
माझ्या मागे नऊ माणसं,
वर पंखा नुसता गरगरतो,
मेचं ऊन जिन्यापर्यंत चढून आलेलं.
सरांना मूलबाळ नाही, म्हणून खिडकीशी मी.

अर्जातल्या चौकटींवर भापकर सर चिडायचे.
"माणूस मावत नाही
म्हणून तर समास सोडतात, गाढवा."

सैन्यातून सुटले नि लष्करात आले :
हा त्यांचा एकुलता एक विनोद,
जनकगंजच्या शाळेत दर नव्या तुकडीला एकदा.
ग्वाल्हेरबाहेरच्याला तो समजावून सांगावा लागे
आणि मग त्यात काही उरत नसे.

डावा कान एकाहत्तरमध्ये गेलेला.
म्हणून आमची कुजबुज, उत्तरं, शिव्या
सगळं त्यांच्या डाव्या बाजूनं चाले.
निरोपाच्या दिवशी म्हणाले,
"कान गेलाय. ओठ वाचता येतात मला."
आणि ज्याची त्याला शिवी परत केली, नावानिशी.

भूगोलाचं पुस्तक मिटून
स्वर्णरेखेच्या काठाशी न्यायचे.
सगळं गाव नाला म्हणे, ते नदीच म्हणत.
हातात होकायंत्र : उत्तर शोधा.
कुणी किल्ल्याकडे बोट दाखवी, कुणी आपल्या घराकडे.
"चुका खुशाल.
पण किती चुकलात ते अंशांत सांगा."

हजेरीत चौदा नंबर कुणालाच नसे.
तेरा, मग एक श्वास, मग पंधरा.
एकतीस वर्षं.
एकदा त्या श्वासात कुंटे ओरडला, "हजर!"
छडी उचलली नाही त्यांनी.
मस्टर मिटलं, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.
फळ्यावरची चंबळ
त्या दिवशी यमुनेला मिळालीच नाही.
आम्ही कधी विचारलं नाही. कुंटेनं तर नाहीच.
परवा खांदा द्यायला तो भोपाळहून रात्रीत आला,
वाटभर एक शब्द नाही.

घर आवरताना निघालं ते एवढंच :
पेन्शनी दोन, सदरे तीन,
मुलांनी चुकवलेल्या नकाशांचा गठ्ठा,
कोपऱ्यावर लाल शाईत अंश,
आणि बूट,
ज्यांत कुणालाही आपला चेहरा दिसावा.

"भाईसाब, जल्दी."
दोन्ही लिहावं, तर चौकट बोटभर.
मी पेन मागून घेतो,
डावीकडे थोडी जागा सोडतो,
मग लिहितो : शिक्षक.

बाबू कागद फिरवून बघतो,
"यह खाली क्यों छोड़ा?"