सगळं हिरवं

अंबडच्या शीतगृहात माझी रात्रपाळी.
पडद्यावर तीनशे बारा ठिपके, सगळे हिरवे.
आत थॉमसनची द्राक्षं, शून्याला टेकलेली.
ठिपका हिरवा म्हणजे यंत्र श्वास घेतंय,
इतकंच मला शिकवलं होतं.

पावणेदोनला कंपनीची मेल आली:
पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच भोक आहे.
पत्त्याच्या शेपटीला एक तिरकी रेघ जास्त दिली
की ते पासवर्ड विचारायचं विसरतं.
एक तिरकी रेघ.
गायधनी सरांनी फोनवर आधी जांभई दिली,
मग म्हणाले, "लॉग बघ."
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

लॉगमध्ये होता तो. मंगळवारी, दोन सतराला.
आला, तीनशे बारा दारं बघितली, गेला.
काही नेलं नाही.
किंवा नेलं, पण ते मोजायचा डोळाही तोच
ज्यातून तो आत आला.

लहानपणी पूर आला की आत्या सराफ बाजारातून सांगत यायची,
मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं.
सगळी पेठ त्या दगडाकडे बघून पोती हलवायची.
दुतोंड्या तो. एक तोंड आपल्याकडे.
दुसऱ्या तोंडासमोर कोण उभं असतं
हे आम्ही कधी विचारलंच नाही.

पॅच चढवायचा तर पाळत बंद. चाळीस मिनिटं.
मी बटण दाबलं, ठिपके राखाडी झाले
आणि तीन वर्षांत पहिल्यांदा
मला कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू आला.

बेंडकोळी काका टॉर्च घेऊन आले, गेट तसंच सोडून.
एकेका दाराला हात लावत फिरलो,
पारा वाचला, पाठकोऱ्या चलनावर लिहिला.
सात नंबरच्या दाराचं रबर फाटलेलं निघालं,
बोटभर फटीतून गार वाफ पायावर येत होती.
काका म्हणाले, "दिवाळीपासून असंच आहे की."
सात नंबर कायम हिरवाच असायचा.

साडेतीनला सगळं पुन्हा हिरवं.
काकांनी सवयीने रजिस्टर पुढे सरकवलं:
नाव, गाडी नंबर, आत, बाहेर, सही.
मी पानं चाळली. विचारलं,
"यात तुमचं नाव कुठंय?"
ते हसले नाहीत. पेन माझ्याच हातात दिलं.
मी 'बेंडकोळी' लिहिलं
आणि थांबले.
पहिलं नाव मला माहीतच नव्हतं.