इलेक्ट्रिक कोब्रा, माशेल

परवा उल्हासच्या माळ्यावर ती कॅसेट सापडली.
बुरशीनं पांढरी, वर निळ्या शाईत:
'सत्त्याऐंशी. डान्स. पुसू नये.'
इतक्या वर्षांत कुणीही पुसली नाही, हे आमचं दुर्दैव.

पडद्यावर आधी मुंग्या. मग मी.
सव्वीस इंच कंबर,
कपाळाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी,
डोळ्यांवर रमाकांतच्या मामानं कुवेतहून आणलेला गॉगल,
भाडं तासाला दोन रुपये.
विजार चंदेरी. बाणस्तारीच्या बोस्त्यांव शिंप्यानं
नाताळच्या देवदूतांसाठी आणलेलं कापड
आमच्यावरच संपवलं,
म्हणून त्या साली कपेलातले देवदूत
साध्या मांजरपाटात कुडकुडले.

आम्ही पाच जण. नाव इलेक्ट्रिक कोब्रा.
"कोब्रा म्हणजे नागच ना रे?" धर्मा विचारायचा,
"मग नाग का नको?"
त्याला आम्ही मागच्या रांगेत टाकला.

उल्हासची मुलगी फोनवर सगळं टिपून घेते.
"काका, शॉक लागलाय का तुम्हाला?"
रोबो झालोय गं मी, यंत्रमानव.
तेव्हा सगळेच होत.
घरात यंत्र म्हणावं तर एक मिक्सर,
तोही शेजारच्यांचा.

मग उल्हास पाठीवर गिरकी घेतो.
एक पुरी, दुसरी अर्धी.
उरलेल्या अर्धीसाठी विंगेतून त्याचा भाऊ
पाय ढकलून देतो. हात स्पष्ट दिसतो,
अंगठीसकट.

आणि वीज जाते.
टेप बंद, दिवे बंद, कॅमेरा तेवढा बॅटरीवर.
दोन मिनिटं नुसता काळोख
आणि त्यात पाच जोड बुटांचा आवाज,
धप्, धप्, धप्पक् धप्.
कुणीतरी दबक्या आवाजात मोजतंय, पाच, सहा, सात, आठ.
लोकांतून एक म्हातारी:
"गे माये, पोरं अजून नाचतातच!"

उल्हासची मुलगी हसायची थांबते.
आवाज वाढवा, म्हणते.

वीज येते तेव्हा आम्ही चौघं
हात उंचावून, विजयी,
लोकांकडे पाठ करून उभे.
देवळाच्या भिंतीला आमचा मुजरा.
सुलट फक्त धर्मा.

तिसरा नंबर आला. संघ तीनच होते.
बक्षिसाचा स्टीलचा डबा पाचांत वाटता येईना,
म्हणून धर्माकडे गेला.
अजून आहे. सुके बांगडे ठेवतो त्यात.

रात्री त्याला फोन केला.
"पुसून टाक रे ते," म्हणाला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"पण आधी मला पाठव."