टाळूवरची टाळी

नाव घेण्याआधी जीभ टाळूला घट्ट लावायची
आणि एकदम सोडायची,
बाटलीचं बूच उडावं तशी.
त्या आवाजाच्या पाठोपाठ, श्वास न घेता, म्हणायचं: नारा.
अपोलोनिया मावशी सांगते,
टाळूवरची ही टाळी चुकली
तर झुडूप ओ देत नाही.

माझी चुकते.
वॉल्विस बेच्या शाळेत नऊ वर्षं गेली
आणि डबाबंद मासळीच्या पट्ट्यासमोर अकरा.
तिथे जिभेला काम कमी, अंगठ्याला फार.
आता माझ्या तोंडून नाव निघतं ते अनवाणी.

फेब्रुवारीत रजा काढून आले.
पहाटे समुद्रावरून धुकं आलं, दहापर्यंत रेंगाळलं
आणि कुणाला न भेटता परत गेलं.
मिनिस्टर नावाच्या आमच्या गाढवाच्या पापण्या ओल्या.
वाळूच्या धारेवर काळे किडे डोकं खाली करून उभे,
पाठीवरून ओघळेल तेवढं पिऊन घेत.
कुइसेबचं पात्र मात्र कोरडं.
नदीबद्दल इकडे एवढंच विचारतात:
कुठल्या साली आली होती?

नारा आहे तो टेकाडांच्या पोटात.
पानं ही चैन त्याने कधीच सोडली;
हिरवे काटे आणि हिरव्या काड्याच ऊन खातात.
वारा वाळू आणतो, झुडपाच्या गळ्याशी लावतो,
झुडूप वीतभर वर सरकतं.
वारा पुन्हा आणतो.
हे भांडण आजोबांच्या आधीपासून चालू आहे
आणि टेकाड म्हणतात ते या भांडणाचंच नाव.
मुळं कुठवर गेलीत ते बघायला
आजोबांनी एकदा खणायला घेतलं होतं.
तीन पुरुष खोल गेल्यावर कुदळ टाकली.
मूळ खाली चाललंच होतं,
त्यांच्याच अंगठ्याएवढं जाड.

आमची झुडपं चार.
चौथं नर आहे. वर्षभर फिकट फुलं, फळ एकही नाही.
नोंदी घ्यायला आलेल्या मुलाने
वहीत त्याच्यापुढे लिहिलं: निरुपयोगी.
मावशीने ते मला मोठ्याने वाचायला लावलं.
मग ती वाकली
आणि त्याच्या काट्यांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी
न फाडता सोडवत राहिली, बराच वेळ.
मावशीला मूल नाही.
हे मी इथे का सांगते आहे, मला ठाऊक नाही.

दुपारी चूल.
अर्ध्या कापलेल्या पिंपात गर रटरटतो,
मावशी वल्ह्यासारख्या दांड्याने ढवळते,
बिया सुटून तळाशी खडखडू लागल्या
की आवाजावरून कळतं, झालं.
बिया शहरात विकायच्या.
गर स्वच्छ वाळूवर ओतायचा, उन्हात त्याची पोळी होते;
खाताना दातांखाली थोडं वाळवंट येतंच,
त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

कोल्ह्याला कळतं कुठलं फळ पिकलं.
मला कळलं नाही.
मावशीची पाठ वळलेली बघून
एक फोडलं, बोट घातलं, चाखलं.
आधी गार लागलं.
मग घशात कुणी घासणी फिरवावी तसं,
ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी,
जीभ तोंडात कुठे ठेवावी समजेना
म्हणून टाळूला दाबून धरली, सोडली,
पुन्हा दाबली, पुन्हा सोडली,
आणि चौथ्या-पाचव्या खेपेला
तो आवाज आला. खणखणीत.
पाठोपाठ उरलेलं नावही निघून गेलं.

झुडूप हललं नाही. वारा पडलेला होता.
मिनिस्टरने एक कान फिरवला.
मावशी ढवळत होती,
"कच्चं खाल्लंस ना, थेओडोरा?" म्हणाली,
आणि मागे न बघता
पाण्याचा डबा पायाने माझ्याकडे सरकवला.