मुद्दा क्रमांक सात

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या फाटकाशी
माझं टायपिंगचं टेबल. पानाला पंचवीस रुपये,
मराठी जबानीचं इंग्रजी करायचं असेल तर साठ.
अत्तार मॅडमनी काल गठ्ठा टाकला, दोनशे अकरा पानं,
हायकोर्टात अपील, मुदत शुक्रवारपर्यंत.
शेवंता खुडे, वय एकेचाळीस, धंदा अंडाभुर्जीची गाडी,
स्वारगेटच्या अलीकडे. शिक्षा जन्मठेप.

मी वाचत नाही, टाइप करतो. तीस वर्षं असंच चाललंय.
वाचायला लागलं की चुका होतात.

पण पान चाळीसवर अडलो.
ती म्हणालीय, "तो अंगावर आला तसा मी बत्ता घातला."
घातला. याचं इंग्रजी काय करू?
घाव घालतात, खोडा घालतात,
लेकराला अंघोळही घालतात.
मी जो शब्द उचलेन
तो तिकडे मुंबईत दोन न्यायमूर्ती
चष्म्यासमोर धरून बघतील.
लिहिला, खोडला, परत तोच लिहिला.

निकालपत्रातलं गणित सोपं आहे.
जखमा तीन. पहिली बचावाची.
दुसरी, संशयाचा फायदा देऊन, बचावाची.
दुसऱ्या घावाला विलास ढेबे खाली बसला होता,
म्हणून तिसरी खुनाची.
दोन्हींमध्ये किती वेळ गेला?
साक्षीदार क्रमांक चार सांगतो, "लगेच, साहेब."
'लगेच' टाइप करायला मला लागला
तेवढाही नसेल.

मी तिच्या गाडीवर खाल्लंय, हे मॅडमना सांगितलं नाही.
रात्री साडेअकराला, उभ्याउभ्या, दोन पाव.
तीन अंड्यांची भुर्जी: टक, टक, टक.
एका हातानं, मान वर न करता,
पुढच्या गिऱ्हाइकाशी सुट्ट्यावरून भांडत.
अठरा वर्षं त्या हाताला
दोनावर थांबायची सवय नव्हती.
हे अपिलात घालता येत नाही.
बघा, पुन्हा तेच क्रियापद.

ढेबेकडे कोयता होता असं ती म्हणते.
कोयता सापडला नाही.
सोबतचे दोघं दुचाकीवरून आले, दुचाकीवरून गेले,
त्यांनी नेला असावा.
'असावा'ला कोर्टात वजन नसतं.
कोयता कुणी पाहिला? कुणीच नाही.
सगळे हातातल्या प्लेटा टाकून पळाले होते,
एक जण तर पैसे न देताच.

मग पान एकशे बारा, घटनास्थळाचा पंचनामा,
हवालदाराचं घाईतलं अक्षर:
अंडी फुटलेली नग सव्वीस, पाव सात,
चिरलेला कांदा अंदाजे पाव किलो,
गाडी ढकलायच्या दांड्यावर खाच, लांबी चार बोटं,
लाकूड आतून पांढरं.

लाकूड आतून पांढरं.
म्हणजे ताजं. म्हणजे त्याच रात्रीचं.
आणि त्या दांड्यामागे उभं कोण असतं?
सहा वर्षं ही ओळ गठ्ठ्यात पडून आहे,
तिची उलटतपासणी कुणी घेतली नाही.

वरून मेट्रो गेली, पेल्यातला चहा थरथरला.
वकिलाला मुद्दे सुचवणं टायपिस्टाचं काम नाही.
मी समासात पेन्सिलीनं एक रेघ मारली,
बारीक, खोडता येईल अशी.
संध्याकाळी मॅडम आल्या, पानं चाळताना थांबल्या,
आधी रेघेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"मुद्दे सहा झालेत ना? सातवा घ्या."
आणि पर्सही खाली न ठेवता सांगत सुटल्या.

वकीलपत्र येरवड्याहून सही होऊन आलंय.
खटल्यात अंगठा होता, अक्षर आत शिकली असणार,
'खुडे'तला 'डे' रेघेवरून खाली घसरलाय.
सोबत एक चिठ्ठी: गाडी कुणाकडं आहे?

गाडी मुद्देमालात आहे, बाई.
चौकीमागच्या पत्र्याखाली,
सहा पावसाळ्यांत ती खाच काळी पडली असेल.
पान एकशे बारावर मात्र अजून पांढरी आहे.
ते पान मी बिलात धरलेलं नाही.